यज्ञेश्वरकाकांचा चाळीस मिनिटांचा तास

२००६ साली मुकुटबनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकच माणूस नोकरीला होता आणि त्या एकालाही काम नव्हतं. यज्ञेश्वर पिंपळापुरे त्यांचं नाव. गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला तेव्हापासून लोकांनी घरच्या फोनकडे पाहणंच सोडलं होतं. पूर्वी फोन बंद पडला की माणसं एक्स्चेंजच्या दारात येऊन भांडायची. आता काकाच सायकल काढून घरोघर विचारत फिरायचे, की तुमचा फोन चालू आहे ना. आतून उत्तर यायचं, "असंन चालू. पाह्यला नाही बा." काका खट्टू होऊन परतायचे. भांडायला कुणी येत नाही म्हणून वाईट वाटणारा सरकारी माणूस मी तेवढा एकच पाहिला.

बारीक अंगकाठी, खिशात टेस्टर, आणि एक सवय: कोणत्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावायची. तळवा लावला आणि करंट असला तर मूठ आवळली जाते, हात सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात झटक्यानं दूर जातो. हे लाइनवरच्या माणसाचं शहाणपण. पण काका चहाचा कपसुद्धा आधी असाच तपासायचे. सुचित्राकाकू म्हणायच्या, लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर यांनी माझा हातही आधी असाच चाचपला होता.

मी त्याच गावच्या शाळेत कंत्राटी कॉम्प्युटर शिक्षक होतो. वय तेवीस. बारावी मारेगावला, बी.एस्सी. वणीला, आणि वणीतच एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताखाली दोन उन्हाळे. यातलं बी.एस्सी. किती डोक्यात राहिलं सांगता येत नाही, पण पेंटरकडचं पक्कं बसलं. मी कॉम्प्युटर शिक्षक होतो आणि शाळेत चालणारा कॉम्प्युटर एकही नव्हता. कीबोर्ड फळ्यावर काढायचो. पोरं एकेक येऊन खडूच्या चौकटींवर बोटं ठेवत आणि पांढरी झालेली बोटं पँटीला पुसत जागेवर जात. याला वेळापत्रकात प्रात्यक्षिक म्हणत.

म्हणजे यंत्रं होती. बारा होती. नागपूरच्या एका कार्यालयानं आपली जुनी टर्मिनलं शाळेला दान दिली होती. शाल, नारळ, फोटो सगळं रीतसर झालं. नारळाची बर्फी संपल्यावर कळलं की या टर्मिनलांच्या पोटात डिस्कच नाही. बटण दाबलं की ती वायरीतून आपल्या मुख्य यंत्राला हाक मारायची, मला चालवणारी प्रणाली पाठव. मुख्य यंत्र त्या कार्यालयानं आधीच भंगारात काढलं होतं. तयार करणारी कंपनीही बुडालेली. तेव्हा बारा टर्मिनलं दोन वर्षं एका खोलीत ओळीनं बसून होती, आणि चालू केली की कुणीही उत्तर न देणाऱ्याला हाका मारत राहायची.

डिसेंबरात पत्र आलं. सत्तावीस मार्चला निर्लेखन समिती येणार. जी वस्तू वापरात नाही ती डेडस्टॉकमधून, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीतून, कमी करायची. म्हणजे भंगार. टर्मिनलं गेली की संगणक कक्ष गेला, आणि संगणक कक्ष नाही त्या शाळेला संगणक शिक्षक नाही. म्हणजे मी नाही.

त्या वर्षी आमच्या वावरात कपाशीवर लाल्या आला होता. पानं दिवाळीआधीच लाल होऊन गळाली. मी घरी बापूजींना सहज म्हणालो, नोकरी सुटली तर येतो वावरात. ते वडील असून मला कधी टाकून बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "इथं माहीच गरज उरली नाही, तू येऊन काय करशीन?" मग जनावरांना पाणी पाजायला गेले.

लोडशेडिंगमध्ये सगळं गाव अंधारात असलं तरी एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांवरचा एक दिवा चालू असे. मी पेपर तपासायला तिथं जाऊन बसायचो. असंच एकदा काकांना हे सगळं सांगितलं. काहीतरी बंद पडलंय हे ऐकून त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आता बर्फी वाटतील. दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्टर घेऊन शाळेत हजर. एक टर्मिनल उघडलं, चष्मा कपाळावर सरकवून आतल्या मोठ्या चिपवरचा नंबर वाचला आणि म्हणाले, "हा तर आपल्या एक्स्चेंजच्या भावकीतला निघाला."

आमच्या गावचं एक्स्चेंज ज्या प्रोसेसरवर चाले त्याचाच हा मोठा भाऊ. त्या घराण्याची भाषा काका वीस वर्षं जाड इंग्रजी पुस्तकं वाचून शिकले होते. साहेबानं सांगितलं म्हणून नव्हे. संध्याकाळी करायला दुसरं काही नसायचं म्हणून.

मग या टर्मिनलांवर जी प्रणाली चालवायची होती ती, लिनक्स, त्यांनी मला समजावली. मी, कॉम्प्युटर शिक्षक, हे ऐकत होतो ही गोष्ट जरा बाजूला ठेवू. ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. तिचा सगळा प्रोग्राम उघडा. कुणीही वाचावा, बदलावा. प्रोसेसरच्या या घराण्याला ती आधीपासून ओळखते. पण या खोक्यातलं घड्याळ, नेटवर्कची चिप, पडदा यांच्याशी तिची तोंडओळखही नाही. ती करून द्यायची, की प्रणाली या यंत्रावर चालली. याला पोर्टिंग म्हणतात. काका म्हणाले, हे लग्न जुळवण्यासारखं आहे, फरक एवढाच की इथं दोन्हीकडची माणसं बोलतच नाहीत.

आमच्या मुख्याध्यापिका मधुवंती मॅडम फार कडक. आदल्या वर्षी प्रयोगशाळेतलं एक भिंग फुटलं म्हणून त्यांनी एका कंत्राटी माणसाची पुढच्या वर्षाची शिफारस थांबवली होती. माझी शिफारसही त्यांच्याच सहीनं जायची. त्यांनी काकांना एक टर्मिनल घरी नेऊ दिलं, दोन अर्ज आणि तीन सह्या घेऊन. शिपाई उत्तमसिंगनं ते सायकलच्या कॅरिअरवर बांधून पोचवलं. बाकीची अकरा शाळेत राहिली.

काकांचं काम पहाटे सुरू व्हायचं, कारण गावात वीज सकाळीच असायची. स्वतःचा जुना पेंटियम त्यांनी मुख्य यंत्र म्हणून लावला. कागदावर छापलेला प्रोग्राम सुचित्राकाकू मोठ्यानं वाचायच्या आणि काका स्वतःच्या वहीत बोट फिरवत ताडून पाहायचे. काकूंना त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण त्या मध्येच थांबून म्हणत, "अहो, इथं कंस उघडला, मिटवला कुठंच नाही." तो खरंच मिटवलेला नसायचा. दर रविवारी काका एसटीनं वणीला जात आणि सायबर कॅफेतून जगभरच्या लिनक्सवाल्यांना पत्र टाकत. पुढच्या रविवारी उत्तरं आणत. पोलंडमधल्या हेन्रिक नावाच्या निवृत्त शाळामास्तराच्या शेडमध्ये असंच एक टर्मिनल पडलेलं निघालं. त्यानं त्याच्या सर्किटचे फोटो पाठवले. न पाहिलेल्या माणसानं न मागता एवढं करावं याचं मला नवल वाटायचं. काकांना नाही वाटायचं. ते स्वतःही तसेच होते, म्हणून असेल.

जानेवारीत एक दिवस काकांनी मला सकाळीच निरोप धाडला. टर्मिनलचा पडदा काळाच होता, पण त्याच्या मागून काढलेली वायर पेंटियमला जोडली होती आणि तिथं एकामागून एक ओळी उमटत होत्या. शेवटची ओळ अर्ध्यावर तुटलेली. मी म्हटलं, बंद पडलं की. काका म्हणाले, "बंद पडलं ते सोड. आधी बोललं ना." फेब्रुवारीत पडदा उजळला. कीबोर्डनं थोडे नखरे केले. एक मार्चला ते टर्मिनल सलग सहा तास चाललं आणि वीज गेली म्हणूनच थांबलं.

या तीन महिन्यांत माझं योगदान काय, असा प्रश्न पडू शकतो. ते मी वेगळ्या आघाडीवर देत होतो. समितीच्या पत्रात लिहिलं होतं की प्रत्येक वस्तूवर डेडस्टॉक क्रमांक ठळक व सुवाच्य असावा. मॅडमनी विचारलं, कोण टाकतं नंबर? मी पुढं झालो. वणीच्या पेंटरचा शिष्य असं काम दुसऱ्याला करू देईल काय? टर्मिनलची पुढची बाजू पडद्यानं खाल्लेली, वरून रंग घासला जातो, म्हणून मी बाजू निवडली. नुसत्या करड्या पत्र्यावर काळं उठत नाही, तेव्हा आधी पांढऱ्या ऑइलपेंटची पट्टी, तीवर काळी अक्षरं. आणि पाहणाऱ्याला कुठूनही दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना. अकराही टर्मिनलं अशी झाली, की मॅडम कधी नव्हे ते म्हणाल्या, छान.

दोन मार्चला काका पेंटियम घेऊन शाळेत आले. बारावं टर्मिनल त्यांनी घरीच ठेवलं, पुढच्या सुधारणा त्यावर करायच्या होत्या. सगळ्या वायरी जोडल्या, अकरा बटणं दाबली आणि अकराही पडदे उजळले. आठवीची पोरं खिडकीला लटकली होती. मॅडम स्वतः खुर्ची घेऊन बसल्या. बावीस मिनिटांनी सात नंबरचं टर्मिनल गोठलं. मग तीन. मग नऊ. अर्ध्या तासात खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. मॅडम उठल्या, खुर्ची जागेवर ठेवली आणि काही न बोलता गेल्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे तीन आठवडे काकांनी स्वतःच्या प्रोग्रामची झडती घेतली. त्यांचा ठाम विश्वास होता की यंत्र खोटं बोलत नाही, चुकतो तो लिहिणारा. घड्याळाचा भाग नव्यानं लिहिला. मेमरीचा भाग लिहून पुन्हा खोडला. हेन्रिकनं चार शंका कळवल्या, चारही तपासल्या. काकूंचा घसा बसला. आणि दर सकाळी शाळेत तेच: वीस-पंचवीस मिनिटं चालायची आणि गोठायची. बंद करून ठेवली की पुन्हा तेवढीच चालायची. काका वाळत चालले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

मला तोवर एक युक्ती सुचली होती. समिती कुठल्याही खोलीत दहा मिनिटांच्या वर थांबत नाही. ती फाटकात शिरली की बटणं दाबायची, दाखवायचं, नमस्कार करायचा. मी काकांना म्हटलं, "काका, वीस मिनिटं पुरतात ना. कायले जीव काढून राह्यले?"

काका वहीतून मान वर न करता म्हणाले, "तुझा तास किती मिनिटांचा असतो?"

"चाळीस."

"मग वीस मिनिटांनंतर पोरांना काय सांगशील? उरलेलं फळ्यावर करा?"

नोकरी माझी जात होती आणि माझ्या तासाची लाज ते राखत होते.

बावीस मार्चला त्यांनी घरचं बारावं टर्मिनल शाळेत आणलं, शेजारी ठेवून पाहू म्हणून. सात वाजता बाराही सुरू केली. साडेसातपर्यंत अकरा गोठली. बारावं चालत राहिलं. आठ वाजले, चालूच. तोच प्रोग्राम, तीच वीज, तीच खोली. काका कितीतरी वेळ दोन टर्मिनलांच्या मध्ये उभे होते. मग सवयीनं त्यांनी हाताची मागची बाजू बाराव्याच्या अंगाला लावली. मग सातव्याच्या. सातव्याला लावलेला हात झटकन मागं आला.

"तवा झालाय," ते म्हणाले.

मग ते खाली वाकले. या टर्मिनलांना पंखा नसतो. दोन्ही बाजूंच्या पत्र्याला बारीक उभ्या फटी असतात, एकीतून हवा आत जाते, दुसरीतून बाहेर पडते. एका बाजूला चोवीस, दुसऱ्या बाजूला चोवीस. त्या फटी, सगळ्या, माझ्या पांढऱ्या पट्टीखाली होत्या. बाराव्यावर नंबर नव्हता, कारण ते काकांच्या घरी होतं. काकांनी नखानं रंग खरवडून पाहिला आणि मला विचारलं, "किती हात मारले?"

"दोन," मी म्हणालो. "मग वरून काळा."

मला वाटलं आता भडकतील. मी त्यांच्या जागी असतो तर हातात होतं ते फेकून मारलं असतं. तीन आठवडे. काकूंचा घसा. चांगला चालणारा प्रोग्राम खोडून पुन्हा लिहिलेला. तेवढ्यात दारात मधुवंती मॅडम.

"सापडलं का काही, पिंपळापुरे साहेब?"

"सापडलं, मॅडम," काका सरळ होत म्हणाले. "माझ्या प्रोग्राममध्येच चूक होती. आज दुरुस्त होतेय."

मॅडम म्हणाल्या, तीन आठवडे लागले तुम्हाला. काका म्हणाले, हो, वय झालं आता. मॅडम गेल्या. मी तोंड उघडलं तर काकांनी हातानं गप्प केलं आणि उत्तमसिंगला हाक मारून पोती शिवायचे दाभण मागितले.

रंग काढला असता तर नंबर गेले असते, आणि नंबर नसलेली वस्तू समिती ओळखत नाही. म्हणून फक्त फटी मोकळ्या करायच्या, अक्षर राखून. उत्तमसिंगनं घरून तीन दाभण आणले. शाळा सुटल्यावर आम्ही तिघं खाली फरशीवर बसलो आणि पाचशे अठ्ठावीस फटी एकेक करून टोकरल्या. उत्तमसिंगला कारण कळलं तसा तो म्हणाला, "मास्तर, तुमी रंगवता बाकी पक्कं हो. निंघूनच नाही राह्यलं." दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं तेव्हा नंबर वाचता येत होते, फक्त फणीतून पाहिल्यासारखे. बाराव्यावर नंबर टाकला तो फटी सोडून.

सत्तावीसला समिती साडेसातला येणार होती. काकांनी सात वाजता सगळी टर्मिनलं सुरू केली. समिती आली पावणेदहाला. मधल्या वेळात मी तीनदा म्हटलं, काका, आता बंद करू, आले की लावू. त्यांनी ऐकलं नाही. पोरं आळीपाळीनं बसून मराठीत आपापली नावं टाइप करत होती. माझी नजर पडद्यांवर नव्हती, घड्याळावर होती. काका मात्र ओळीतून फिरत एकेकाला हाताची मागची बाजू लावत होते, आजाऱ्यांच्या वॉर्डात डॉक्टर फिरतो तसे.

समितीचे तीन साहेब आत आले. एकानं विचारलं, ही तर जुनी आहेत ना? मॅडम म्हणाल्या, हो. चालतात? मॅडमनी नुसतं पोरांकडे बोट दाखवलं. साहेब सात नंबरजवळ थांबले. तिथं बसलेल्या निशिगंधानं विचारलं, सर, तुमचं नाव लिहू का. त्यांनी सांगितलं, तिनं लिहिलं, त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खाली वाकून बाजूचा नंबर ताडून पाहिला आणि रजिस्टरात शेरा मारला: वापरात. वापरातली वस्तू निर्लेखित होत नाही. समिती पोहे खायला गेली. टर्मिनलं अकरा वाजता थांबली, लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा.

एप्रिलमध्ये माझी शिफारस गेली. त्या शाळेत आणखी चार वर्षं राहिलो. त्या चार वर्षांत जे शिकलो ते टर्मिनलांवर कमी आणि काकांच्या वहीवर जास्त. त्याच जोरावर पुढं नागपूरला प्रोग्रामिंगची नोकरी लागली. बापूजींनी त्या पहिल्या वर्षी अर्ध्या वावरात तूर टाकली. मी मधूनमधून घरी जाई, पाहुण्यासारखा. वावरात लागतो म्हणून कधी जावं लागलं नाही.

पण एक राहिलं होतं. मॅडम त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात काकांचं कौतुक करत आणि शेवटी न चुकता जोडत, की सुरुवातीला साहेबांच्या प्रोग्राममध्ये गडबड होती, पण चिकाटीनं दुरुस्त केली. काका शेजारी बसून मान हलवायचे. मी टाळ्या वाजवायचो. एकदाही उठून बोललो नाही. आधी शिफारसीची भीती होती, मग सवय झाली.

त्या मार्चनंतर सात वर्षांनी, नागपूरला असताना, कामाच्या निमित्तानं मी लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या जुन्या पत्रांचा साठा चाळत होतो. तिथं काकांचं पत्र सापडलं, रविवार, पंचवीस मार्च २००७. मला वाटलं, इथंही त्यांनी दोष स्वतःवर घेतला असेल. नव्हता घेतला. प्रोग्रामच्या बाबतीत ते खोटं बोलणारे नव्हते. इंग्रजीत लिहिलं होतं: "गोठण्याचं कारण मिळालं. प्रोग्राममध्ये दोष नाही, घड्याळाचा जुना भाग परत घ्यावा. टर्मिनलांच्या दोन्ही बाजूंच्या फटींवर तैलरंग बसला होता. रंगवणारा चांगला मुलगा आहे. अक्षर फारच सुंदर आहे." खाली हेन्रिकनं विचारलं होतं, त्या अक्षराचा एक फोटो पाठवाल का?

मी ते पत्र बऱ्याचदा वाचलं. मग त्याच्याखाली दोन ओळी टाकल्या: रंगवणारा मी. पिंपळापुरे साहेबांच्या प्रोग्राममध्ये कधीच चूक नव्हती. त्याची मराठी प्रत मधुवंती मॅडमना पोस्टानं पाठवली, पत्ता शक्य तितक्या चांगल्या अक्षरात लिहून.

चार दिवसांनी काकांचा फोन आला. निवृत्त होऊन ते पांढरकवड्याला राहत होते. मॅडमनी त्यांना फोनवर पत्र वाचून दाखवलं होतं. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी पुरी होऊ दिली नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "सात वर्षं लागली. पेंट आत्ता वाळला का?"